अमोसची मूठ

५ जून १८८४, गुरुवार

खाणीचा मालक चर्चला काच देतोय. रंगीत काच, पश्चिमेची अख्खी खिडकी भरून. खाणीत गेलेल्या आमच्या तिघा माणसांच्या स्मरणार्थ. फुकट! या माणसानं उभ्या जन्मात कुठल्या विधवेला कोळशाची एक पाटी जास्तीची दिली नाही, आणि आता खिडकी देतोय. पाणी कुठंतरी मुरतंय.

सकाळी रेव्हरंड कॉकरिल दारात. म्हणाले, "मिसेस पॅलिस्टर, अमोसचा फोटो असेल ना? चित्रकाराला चेहरा हवाय." फोटो एकच, डरहॅमच्या मेळ्यात काढलेला. दिला. देताना बोटं सुटेनात. परत मिळेल ना, विचारलं, तर म्हणे, "देवाच्या घरी जातोय, बाई." देवाच्या घरी गेलेलं किती परत येतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

थडगं तरी कुठं आहे माझ्या नवऱ्याला, अमोसला. तिघंही अजून खालीच. फेब्रुवारीत पूर्वेच्या बोगद्यात स्फोट झाला, आग लागली, छत कोसळलं, आणि तिघं पलीकडे राहिले. हवा तोडल्याशिवाय खाणीतली आग विझत नाही, म्हणून मॅनेजरनं विटांची भिंत घालायला लावली. तोवर ते गेलेले होते — चौकशीत सगळ्यांनी शपथेवर तसं सांगितलं. अमोसचा मित्र, आता माझ्या घरी भाड्यानं राहणारा रूबेन, त्यानंही सांगितलं. भिंतीपाशी तोच तर होता. त्याच संध्याकाळी माझ्याकडे येऊन टोपी हातात धरून म्हणाला, "झटकन गेला, मिसेस पॅलिस्टर. आतून कसला आवाज नाही, काही नाही."

त्या एका वाक्यावर मी आजवर झोपत आलेय.

७ जून, शनिवार

शेजारची केझाया लोवेस नुसती फणफणतेय. तिचा थॉमस, त्या तिघांतलाच, मेथॉडिस्ट; त्यांचं चॅपल आमच्या चर्चहून वेगळं. "जन्मात त्या चर्चची पायरी चढला नाही माझा माणूस. आणि आता कायमचा तिथं डकवणार? काचेत? मेल्यावर बाटवतात की काय!" मी म्हटलं, मग फोटो का दिलास? तर म्हणते, "तू दिलास म्हणून." घ्या.

तिची आमची भिंत एक. चुलीमागच्या भिंतीवर तिनं सळई ठोकली की मी जायचं, मी ठोकली की तिनं यायचं. आमच्या अख्ख्या ओळीत असंच चालतं. पण तिनं ठोकलं रे ठोकलं की रूबेन ताटावरून उठून बाहेर जातो. आजही गेला. सूप तसंच. दोघांत काही वाजलंय का? की उलट जुळतंय? केझाया अजून दिसायला बरी आहे.

१३ जून, शुक्रवार

शाळेत चित्राचा लहान नमुना टांगला. सगळी वस्ती बघून आली. खाली योना, माशानं नुकताच बाहेर टाकलेला, दाढीला शेवाळ. वर लाजर, कफन सोडत कबरेतून निघतोय. आणि मधे मोठी थोरली भट्टी, तीत शद्रख, मेशख आणि अबेदनगो हात जोडून उभे, आणि त्यांच्याबरोबर तो चौथा, देवाच्या पुत्रासारखा दिसणारा. राजानं तिघांना टाकलं आणि बघतो तर चौघं फिरतायत, ती गोष्ट. शद्रखाला अमोसचा चेहरा येणार. थॉमस मेशख. मिसेस हेस्लपचा धाकटा अबेदनगो.

चित्र सुंदर आहे. ते मी नाही म्हणत नाही. पण बघता बघता माझ्या डोक्यात आलं — योना बाहेर आला. लाजर बाहेर आला. ते तिघं भट्टीतून आले, केसालाही धग लागली नाही. जे जिवंत निघाले त्यांच्याच गोष्टी वेचून काढल्यात! आमचे निघाले का?

आणि राजा कुठंय? ज्यानं भट्टी सातपट पेटवायला लावली तो नबुखद्नेस्सर? बायबलात पानभर आहे, चित्रात त्याचा अंगठासुद्धा नाही. रेव्हरंडना विचारलं. म्हणाले, "जागा नव्हती हो." म्हटलं, माशाला बरी जागा झाली. तेवढ्यात त्यांना कोणीतरी हाक मारली. मला तर कोणाचीच हाक ऐकू आली नाही.

चौथ्याचा चेहरा कोरा सोडलाय. मालकाच्या मनात स्वतःचा तर नाही ना घालायचा? त्याच्याकडून काही सांगता येत नाही.

१६ जून, सोमवार

चित्रकार मिस्टर हॅल्पिन, न्यूकॅसलचा. बोटाएवढी दाढी, बोटं कायम खडूनं काळी. त्याला खाणीतल्या माणसाचं अंग हवंय म्हणे. चेहरे फोटोवरून करीन, पण खांदे, पाठ, हात खरे पाहिजेत. अंग द्यायला कोण तयार झालं? आमचा रूबेन! चारचौघांत साधं गाणं म्हणायला लाजणारा रूबेन. तो चर्चच्या मागच्या खोलीत उघडा उभा राहणार. मी विचारलं, कशाला? "कोणीतरी उभं राहायलाच हवं."

हे काय उत्तर झालं?

१९ जून, गुरुवार

आज त्यानं पाठ धुतली.

लिहायला हसू येतं, पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. खाणीतला माणूस टबात बसून सगळं अंग धुतो आणि पाठ सोडतो. पाठ धुतली की कणा कमजोर होतो, बाप-आजा सांगून गेलेत. अमोसची पाठ मी लग्नाच्या दिवशी गोरी बघितली ती शेवटची. आणि हा आज ब्रश मागतो! चित्रकारानं सांगितलं म्हणे. चित्रकार ज्या घरी उतरलाय तिथं दोन पोरी लग्नाच्या आहेत. पाठ चित्रकाराला दाखवायची की आणखी कोणाला, ते देव जाणे.

२१ जून, शनिवार

चर्चमधलं पितळ पुसायची पाळी मुद्दाम मागून घेतली. मागची खोली बंद. आतून मिस्टर हॅल्पिनचा आवाज: "वर. हात वर. नाही, नाही, जोडा. जोडा म्हटलं ना." मग शांत. मग परत, "पुन्हा तेच!" पोरीबिरी कोणी नव्हत्या. रूबेन बाहेर आला तो घामानं चिंब. आत एवढं काय केलंस, नुसतं उभंच तर राहायचं होतं, मी म्हटलं. "कोळसा फोडणं सोपं," म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

पुष्कळ दिवसांत लिहिलं नाही. रूबेननं लग्नाचं विचारलं.

कसं विचारलं ते लिहून ठेवते. मी बटाटे सोलत होते. म्हणाला, "लोक बोलतात. घर माझ्या नावावर आहे तोवर तुम्हाला कोणी काढणार नाही. पण लोक बोलतात. तर मग आपण करूनच टाकू." जसं काही कौलं फुटलीयेत आणि ती घालून टाकायचीत.

घराचं खरं आहे. घर खाणीचं. घरात खाणीत उतरणारा पुरुष नसेल तर बाईनं चंबूगबाळं आवरायचं. केझायाचा थोरला खाणीत उतरतो म्हणून तिचं टिकलं. रूबेन मार्चमध्ये भाडेकरू म्हणून आला आणि घर त्याच्या नावावर झालं म्हणून मी इथं आहे. पण त्याला काय मिळतंय यातून? हेच मला कळत नाही. आयुष्यभर एकटा राहिलेला माणूस. मित्राच्या बायकोला कोणी एवढं पोसत नाही. दर शनिवारी सगळी मजुरी टेबलावर ठेवतो, बिअरलाही मागून घेतो. जणू काही देणं लागतो माझं. इतका चांगुलपणा मला सोसत नाही. मागं काहीतरी असतंच.

हो म्हटलं. मला तो आवडतो. लिहून टाकलं एकदाचं.

अजून मिसेस पॅलिस्टरच म्हणतो. म्हटलं, डोर्कस म्हण. कान लाल झाले त्याचे.

५ ऑक्टोबर, रविवार

पहिला पुकारा. रेव्हरंडनी सगळ्यांसमोर नावं वाचली: रूबेन एल्स्टब, अविवाहित, आणि डोर्कस पॅलिस्टर, विधवा — कोणाला या लग्नाला हरकत असेल तर सांगावं. मिसेस हेस्लप तेवढी खोकली. मुद्दाम खोकली की सर्दी होती?

पुकारे तीन रविवार, मगच लग्न. तिसऱ्या रविवारीच खिडकीचं उद्घाटन. रेव्हरंडना वाटतं हे फार शुभ जुळून आलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काच बसली. मी पाचच्या सुमारास गेले. सूर्य बरोबर मागं होता. भट्टी इतकी लाल पेटली की फरशीवरून चालताना मी चपापून पाय उचलला. बाकांवर लाल, खांबांवर लाल. अमोस! अमोसच तो. भुवई तशीच तुटलेली. मी खाली बसले आणि रडले. मालकाबद्दल काय काय लिहिलंय ते सगळं खोडून टाकावंसं वाटलं. चौथ्याला कोणाचाच चेहरा नाही, नुसता उजेड ठेवलाय. उगीच बोलले मी.

मग डोळे पुसून नीट बघितलं. नमुन्यात तिघांचे हात जोडलेले होते. थॉमसचे जोडलेलेच आहेत. हेस्लपच्या पोराचेही. अमोसचा उजवा हात वर, आणि मूठ वळलेली. भट्टीच्या भिंतीला टेकलेली.

मूठ कशाला? देवाला मूठ दाखवतोय का माझा नवरा?

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सगळ्यांनाच दिसलीय ती मूठ. पण कोणी बोलत नाही! दिवसपाळीची माणसं बघायला गेली. आत जाताना चेष्टामस्करी, बाहेर येताना टोप्या डोक्यावर ओढून सरळ घरी. मॅनेजर आला, बघितलं, गेला. त्याच्या मागोमाग रेव्हरंड — तोंड पांढरंफटक. मला म्हणाले, "चित्रकाराची थोडी चूक झालीय. तेवढा तुकडा उद्घाटनानंतर बदलून घेऊ. हात जोडलेले करू." चूक झाली तर आधी का नाही बदलत? तर काचेवरचा रंग भट्टीत भाजून काढलेला, पुसता येत नाही. तुकडा फोडून नवा घालावा लागतो.

संध्याकाळी केझायानं ठोकलं. रूबेन उठला, गेला. मी केझायाकडे गेले आणि तोंडावरच विचारलं, तुझं आणि रूबेनचं काय आहे? ती हसायला लागली. "माझं? त्या ठोंब्याशी? तुझं डोकं फिरलंय, डोर्कस." मग हसायची थांबली. म्हणाली, "तुला खरंच कळली नाही ती मूठ? तू खाणीतल्या माणसाची बायको ना?"

मग तिनं सांगितलं. मला ठाऊक होतंच. डोळ्यांसमोर होतं आणि बघायचं नव्हतं. छत कोसळलं की पलीकडे अडकलेला माणूस कोळशाच्या भिंतीवर ठोकतो. बाहेरचा कान लावतो आणि उलट ठोकून सांगतो, आहोत, येतोय. ठोकणं ऐकू येतंय तोवर पाठ फिरवायची नाही. मग आग असो, वायू असो. खाणीत देवाच्या दहा आज्ञा कोणी पाळो न पाळो, ही पाळतातच.

"तो प्रार्थना करत नाहीये," केझाया म्हणाली. "ठोकतोय."

११ ऑक्टोबर, शनिवार

न्यूकॅसलच्या चित्रकाराला ठोकणं काय माहीत? त्याला कोणीतरी सांगितलं. कोणी?

मॅनेजर सांगणार नाही, त्याच्याच गळ्याशी येतं. मालक तर नाहीच नाही. रेव्हरंडना ठोकणं आणि टाळी यातला फरक कळत नाही. खाणीतलं कोणी असेल तर ते मालकाला बोचावं म्हणून. युनियनवाले असतील. माझ्या अमोसचा हात वापरून भांडण खेळतायत!

असंच असणार. मालकावर डूख धरून कोणीतरी खोटंच रंगवलं. कारण आतून आवाज नव्हताच. रूबेन भिंतीपाशी होता.

१२ ऑक्टोबर, रविवार

दुसरा पुकारा. मी वर बघितलं नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मिस्टर हॅल्पिन काचा जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या तपासायला आलाय. शिडीवर होता. मी खालून सरळ विचारलं, माझ्या नवऱ्याला मूठ कोणाच्या सांगण्यावरून दिली?

तो खाली उतरला. माणूस वाईट नाही. म्हणाला, "कोणाच्याच नाही, मिसेस पॅलिस्टर. मी हात जोडायला सांगत होतो. रूबेन जोडायचा. मी खडू घेऊन कागदाकडे वळलो की हात सुटून भिंतीवर. मूठ वळलेली, कान भिंतीला. पुन्हा जोडायला लावायचो, पुन्हा तेच. त्याला स्वतःला पत्ता नसायचा. मग मला वाटलं, आपल्या डोक्यातल्यापेक्षा हे खरं आहे. म्हणून काढलं. का, वाईट दिसतं का?"

मी म्हटलं, नाही, चांगलं दिसतं.

मग शिडी मागितली. चार पायऱ्या चढले. मुठीची करंगळी वाकडी आहे, मधल्या पेरात मोडून बसलेली. अमोसची सरळ होती. रोज पाव मोडताना बघते मी ती करंगळी.

१५ ऑक्टोबर, बुधवार

मुद्दाम केलं. वाईट आहे मी. तो जेवायला बसला आणि मी केझायाला काही काम नसताना सळई घेऊन भिंतीवर ठोकलं. त्याच्या हातातला चमचा खाली पडला. उठला. दारापर्यंत गेला. मी म्हटलं, कुठं चाललास? "हवा खायला." बाहेर धो धो पाऊस.

केझाया काही नव्हतीच कधी. माझी अक्कल!

१६ ऑक्टोबर, गुरुवार

अजून विचारलं नाही. विचारावं लागेल असं वाटतं आणि मी दुसरंच काम काढते. रविवारी तिसरा पुकारा झाला की संपलं. तोंड मिटून घेतलं तर घर आहे, चूल आहे, शनिवारी टेबलावर मजुरी ठेवणारा माणूस आहे. बायका याहून कितीतरी कमी मिळालं तरी गप्प बसतात. मला गप्प बसता येत नाही, हा माझा रोग. आई म्हणायची, डोर्कस अंडं फोडून बघते की आत पिल्लू आहे का.

त्यानं आज माझ्या पायासाठी स्टूल करून आणलं. दोन संध्याकाळी खपत होता. मला ते स्टूल उचलून फेकावंसं वाटलं आणि त्यावर पाय ठेवून बसावंसंही वाटलं. बसले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी चर्चमध्ये जाऊन नुसती बसले. चेहरा अमोसचा, हात रूबेनचा. एकाच काचेत दोघं. रेव्हरंड येऊन शेजारी बसले, म्हणाले, "रविवारनंतर तो तुकडा निघेल, मग मनाला त्रास होणार नाही." मी म्हटलं, राहू दे. "अहो, पण मालक—" म्हटलं, माझ्या नवऱ्याचा हात आहे, मालकाचा नाही. आज पहिल्यांदाच त्यांना कोणाची हाक ऐकू आली नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

विचारलं. हात धुऊन बसला होता. म्हटलं, रूबेन, किती वेळ ठोकत होते?

नाही म्हणाला नाही. म्हणाला, "विटा संपेपर्यंत. नंतरही." मॅनेजरनं त्याला विचारलं होतं, आवाज येतोय का. हो म्हटलं असतं तर सगळे आत घुसले असते, आणि आगीनं सगळ्यांना खाल्लं असतं. म्हणून नाही म्हणाला. "अमोसचंच ठोकणं होतं. मी ओळखलं. उत्तर नाही दिलं, डोर्कस. म्हटलं, उगीच आशा नको; त्यांना वाटू दे, बाहेर कोणी नाहीच."

डोर्कस म्हणाला. आज पहिल्यांदा.

रेव्हरंडना सांगून आले, उद्या आमची नावं वाचू नका. घर त्याच्या नावावर आहे, तेव्हा निघायचं मीच. मी पलंगाखालून माझी ट्रंक काढली.